अर्धी कवळी: कोणत्या मटेरियलने उच्चार सर्वांत कमी बिघडतात?

निळीशाई
नमस्कार मंडळी. मी शाळेत मराठी शिकवते. हिरड्यांच्या आजारात वरचे समोरचे तीन दात आणि उजवीकडच्या दोन दाढा गेल्या. सध्या तात्पुरती ॲक्रिलिकची (कडक प्लास्टिकची) प्लेट आहे, जवळजवळ सगळा टाळू झाकणारी. जेवण जमतं, दिसायलाही बरी आहे. अडतंय ते श्रुतलेखनात. मी 'सांज' म्हणते आणि अर्ध्या वर्गाच्या वहीत 'शांज' उमटतं. 'सर' सांगितलं तर 'शर'. मुलं गुणी आहेत, कोणी हसत नाही. पण माझ्या उच्चारामुळे चुकलेल्या शब्दाचे गुण कापायला माझा हात धजत नाही.

आता पक्की कवळी करायची आहे. डॉक्टरांनी तीन पर्याय सांगितलेत: ॲक्रिलिकच नीट करून घेणं, फ्लेक्सिबल (लवचीक प्लास्टिकची), किंवा धातूची कास्ट पार्शल, म्हणजे ओतीव अर्धी कवळी. मधुमेह आटोक्यात येईपर्यंत इम्प्लांट (हाडात बसवायचा दात) नको म्हणालेत आणि ब्रिज पेलतील एवढे शेजारचे दात भक्कम नाहीत. कोणती टिकते, कोणती दिसत नाही, कोणती स्वस्त, हे सगळीकडे वाचायला मिळतं. बोलण्याचं मात्र कोणी सांगत नाही. ज्यांना दिवसभर बोलावं लागतं अशांनी कृपया अनुभव लिहा.

हुरडा
डोळे मिटून फ्लेक्सिबल घ्या. मी बँकेत काउंटरला बसतो, दिवसभर तोंड चालू. वरच्या डाव्या बाजूच्या दोन दाढांची आहे. टाळूवर काही नाही, तार दिसत नाही, कुठे टोचत नाही. बोलण्यात तर काडीचाही फरक पडलेला नाही.

भीमथडी
मटेरियल-बिटेरियल डोक्यातून काढून टाका. जीभ शिकते. आमच्या वडिलांना वरची पूर्ण कवळी बसली, तेव्हा पहिल्या आठवड्यात आम्हाला त्यांचं निम्मं कळायचं नाही. रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायला लागले. महिनाभरात ग्रामसभेत पूर्वीसारखे खणखणीत बोलायला लागले. तीही साधी गुलाबी ॲक्रिलिकची, त्या काळी दुसरं काय मिळत होतं? उगाच महागाच्या मागे लागू नका.

चिंचपेटी
भीमथडी, सवय होते हे खरं, पण सगळ्यांची आणि सगळ्या अक्षरांची होत नाही. मी विमा कंपनीच्या कॉल सेंटरला होते. ॲक्रिलिकची प्लेट लावून वर्ष उलटलं तरी 'स' आला नाही तो नाहीच. पॉलिसी नंबरात सहा, सात, सत्तावीस आले की समोरचा माणूस पुन्हा विचारायचा. पेपरवाचन केलं, आरशासमोर बसून केलं, सगळं झालं. शेवटी धातूची करून घेतली आणि थोड्याच दिवसांत घरच्यांनी आपणहून सांगितलं की आता तुझं बोलणं पहिल्यासारखं वाटतं. वडिलांना जमलं हे चांगलंच आहे. पण ज्याला जमलं नाही त्याने कमी मेहनत केली असा त्याचा अर्थ काढू नका, एवढंच म्हणणं.

कोकणकडा
वाचतोय. आईसाठी हाच प्रश्न आहे.

दंतकथा
मी दंतवैद्य आहे, कवळ्या आणि ब्रिज हेच रोजचं काम. सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न पेशंट विचारत नाहीत आणि आम्हीही बहुतेक वेळा आपणहून सांगत नाही.

'स' म्हणताना जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना आणि टाळूच्या बाजूंना टेकतात. मधोमध एक अरुंद पन्हळ राहते. हवेचा झोत त्या पन्हळीतून येऊन समोरच्या दातांच्या धारेवर आपटतो, तो 'स'. ही पन्हळ जरा रुंद झाली, जरा उथळ झाली की आवाज लगेच बदलतो. समोरच्या दातांमागे टाळूवर आडव्या सुरकुत्या असतात, जीभ फिरवली की लागतील. नेमकी तिथे प्लेट जाड झाली की पन्हळ बुजते आणि 'स'चा 'श' होतो. निळीशाईंचं तेच झालेलं दिसतंय. उलट, तिथे फार खोलगट राहिलं किंवा समोरच्या दोन दातांत फट राहिली की शीळ वाजते.

आता मटेरियल. ॲक्रिलिक ठिसूळ असतं. टाळूवर साधारण २ मिलिमीटर जाडी ठेवली नाही तर केव्हातरी भाकरीच्या कडक पापुद्र्यावर प्लेट मोडते. कोबाल्ट-क्रोमियमची ओतीव प्लेट साधारण अर्ध्या मिलिमीटरमध्ये तेवढंच बळ देते. शिवाय तिला सगळा टाळू झाकावा लागत नाही, बऱ्याचदा मधला एक पट्टा पुरतो. म्हणजे धातूत काही जादू आहे असं नाही. जिभेची जागा किती अडवली आणि कुठे अडवली, एवढाच हिशेब आहे.

फ्लेक्सिबल हा नायलॉनच्या जातीचा प्लास्टिक. हुरडांसारखी एका बाजूची, एक-दोन दाढांची केस असेल तर उत्तम. टाळूवर काही नसल्यामुळे उच्चार बदलायचं कारणच नाही. पण पाच दात, त्यातले तीन समोरचे, अशा ठिकाणी ती चावताना वाकते आणि हिरडीत रुतते. वाकू नये म्हणून जाड करावी, तर जिभेची अडचण परत तीच. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही: ॲक्रिलिक मी खुर्चीशेजारी उभ्या उभ्या घासून पातळ करतो आणि पॉलिश करून देतो. नायलॉन घासायला गेलं की कडा तुसासारख्या होतात, पॉलिश नीट चढत नाही. उच्चारासाठी बारीकसारीक दुरुस्त्या कराव्या लागणार असतील तर हे महत्त्वाचं आहे.

दुरुस्ती कुठे करायची हे पाहायची एक जुनी रीत आहे. प्लेट कोरडी करायची, जिभेकडच्या बाजूवर पावडर भुरभुरायची, तोंडात बसवायची, पेशंटला एकदाच 'स' म्हणायला लावायचं आणि हलकेच काढून बघायचं. जीभ टेकली तिथली पावडर पुसली जाते. मधल्या पन्हळीतली पावडर तशीच राहिली पाहिजे. तीही पुसली गेली असेल तर तिथली जाडी कमी करायची आणि पुन्हा बघायचं. खर्च शून्य. तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

हुरडा
माझी केस वेगळी हे मान्य, डॉक्टर. टाळूवर काही नाही हेच कारण असेल असं लक्षात आलं नव्हतं.

वाचिका
मी वाचा-उपचार करते. दंतकथा यांनी 'स'चं लिहिलंय, मी बाकीच्या अक्षरांचं लिहिते, कारण मराठीत जिभेला टाळूवर बरंच फिरावं लागतं.

त, थ, द, ध ला जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं. समोरच्या कृत्रिम दातांची मागची बाजू जाड असेल तर हे शब्द बोजड होतात. ट, ठ, ड, ढ, ण, ळ ला टोक वर वळून टाळूला लागतं, थेट प्लेटवर. 'चिमणी'तला च आणि 'चाक'मधला च वेगळ्या जागी होतात, त्यामुळे एक बिघडतो आणि दुसरा नीट राहतो असंही दिसतं. व आणि फ साठी (फ ओठ दातांना लावून म्हणत असाल तर) खालचा ओठ वरच्या दातांच्या धारेजवळ जातो. हे दोन बिघडले तर दोष प्लेटच्या जाडीत शोधू नका, दातांची लांबी किंवा जागा चुकली असेल. असं अक्षरवार सांगितलं की दंतवैद्यालाही नेमकं काम करता येतं. नुसतं 'बोलता येत नाही' म्हटलं की ते म्हणतात, होईल सवय.

चाचणीसाठी एकसष्ट ते अडुसष्ट मोजा. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. प्रत्येकात 'स', लगेच 'ष्ट', म्हणजे जीभ समोरून मागे जाते. मधल्या मधल्या 'त्र', 'च', 'ड' ने बाकीच्या जागाही तपासल्या जातात. मोबाइलवर रेकॉर्ड करा. स्वतःचा आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे बोलताना जो दोष जाणवतो आणि समोरच्याला जो ऐकू येतो, त्यात फरक असतो.

आणि सुरुवातीला तोंडात लाळ जास्त सुटते, शरीर प्लेटला घास समजतं. त्या दिवसांतला पचपचीत 'स' मोजू नका, तो आपोआप जातो.

कोकणकडा
एकसष्ट ते अडुसष्टची स्पर्धा आत्ता आमच्या घरी झाली. आई पहिली आली, तेही दात नसताना. नातू सदुसष्टला अडखळला आणि पुन्हा खेळायचं म्हणून बसलाय.

टेम्सकाठी
इंग्लंडमधून लिहितेय. इथे एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, तिसऱ्या दरपट्ट्यात कवळी येते. मला आधी ॲक्रिलिकची मिळाली. ऑफिसात इंग्रजी बोलताना कोणाला काही जाणवलं नाही, 's' थोडा घसरायचा तेवढंच. पण घरी फोन केला तर आई म्हणाली, 'अगं तुझा ळ कुठे गेला?' बाळला बाल, शाळेला शाला म्हणत होते. वाचिका यांचं वाचून आत्ता कारण कळलं. इंग्रजीत ळ नाही आणि त्यांचा t, d आपल्या ट, ड पेक्षा पुढे होतो, म्हणून तिथे निभावलं. इथल्या डेंटिस्टला हे समजावून सांगणं कठीण होतं, कारण त्यांच्या कानाला काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं. मी जिभेने प्लेटवर जागा दाखवली आणि त्यांनी तिथे हलकं घासलं. ण लवकर सुटला, ळ ला वेळ लागला.

म्हणून मला वाटतं, परदेशातल्या मराठी मंडळींनी कवळीच्या ट्रायलला मराठीतच बोलून बघावं. समोरच्याला भाषा येत नसली तरी चालेल, आपल्याला येते.

टाळवीणा
कीर्तनकाराचा अनुभव. निळीशाईताई, वर्गाइतकंच आमचंही तोंडावर चालतं, वर गाणं. माझी कास्ट पार्शल आहे. शब्द स्वच्छ येतात. पण एक त्रास झाला तो वेगळाच: द्रुत लयीत बोलायला लागलो की वरचे-खालचे दात एकमेकांवर टकटक आपटायचे, मायकमधून मंडपभर ऐकू जायचं. मृदंगवाला चमकून बघायचा. याचा धातूशी संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले, दातांची उंची जास्त झाली होती. त्यांनी चावा कमी करून दिला, आवाज गेला.

धातूचा आणखी एक गुण सांगतो. चहा गरम आहे हे टाळूला कळतं. ॲक्रिलिकमध्ये सगळं कोमट लागायचं आणि घशात गेल्यावर चटका बसायचा. कीर्तनाआधी घसा भाजणं परवडत नाही.

दंतकथा
टाळवीणा, बरोबर. 'स' म्हणताना वरचे-खालचे दात एकमेकांच्या अगदी जवळ येतात, पण टेकत नाहीत. तेवढी मोकळीक कवळीत ठेवावी लागते. ती संपली की टकटक. पूर्वी पोर्सेलिनचे दात लावायचे तेव्हा हा आवाज फार मोठा यायचा.

लॅबवाला
तुमच्या कवळ्या बनवणाऱ्यांपैकी एक. दंतवैद्यांकडून माप येतं, सोबत चिठ्ठी येते. चिठ्ठीवर दाताचा रंग आणि 'ॲक्रि. पार्शल, लवकर' एवढंच असेल तर आम्ही जाडच करतो. मोडून परत आली तर शिव्या लॅबला पडतात. पेशंट शिक्षक आहे, गायक आहे, वकील आहे, हे चिठ्ठीवर लिहिलं तर समोरचा भाग मेणाच्या नमुन्यातच पातळ ठेवता येतो, टाळूच्या सुरकुत्याही प्लेटवर उठवता येतात. गुळगुळीत प्लेटवर जिभेला ठिकाण लागत नाही असं बरेच पेशंट सांगतात.

दुसरं, ट्रायलचं. ॲक्रिलिक आणि फ्लेक्सिबलची ट्रायल मेणात आणि तात्पुरत्या जाड तळावर होते, त्यामुळे तेव्हाचं बोलणं पक्क्या प्लेटचं नसतं. कास्ट पार्शलमध्ये आधी धातूचा सांगाडा तयार होतो, तो तोंडात बसवून बघतात आणि मग त्याच सांगाड्यावर मेणात दात लावून ट्रायल घेतात. म्हणजे तुमच्या टाळूवर खरी जाडी आणि खरी जागा असताना तुम्ही बोलता. दात पुढे-मागे करायचे असतील तर मेणात सहज होतात. या ट्रायलला घाई करू नका. पेशंट आरशात फक्त हसून बघतात आणि 'छान' म्हणून निघून जातात. बसून बोला, वाचा, फोन लावा.

ओसरी
थोडं अवांतर. आमच्या आजींची कवळी तीनदा बदलली, बोलणं सुधारेना, आणि त्यांना ते पटेनाही. शेवटी कान तपासले. वरच्या पट्टीतले आवाज त्यांना ऐकूच येत नव्हते आणि 'स' नेमका तिथेच असतो. स्वतःचा 'स' ऐकू येत नसेल तर माणूस तो दुरुस्त कसा करणार? श्रवणयंत्र लावल्यावर त्याच कवळीत बोलणं सुधारलं. वय झालेल्यांच्या बाबतीत हेही एकदा बघा.

वाचिका
ओसरी, अवांतर अजिबात नाही. पेशंटचे कान तपासल्याशिवाय मी उच्चारांचं काम सुरू करत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून. तिथे श्रवण आणि वाचा दोन्हींची तपासणी होते.

पारिजातक
खर्चाचं कोणीतरी बोला. धातूची ॲक्रिलिकच्या कितीतरी पट महाग पडते. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

दंतकथा
पारिजातक, सरकारी दंत महाविद्यालयांत चौकशी करा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. मुंबईत पालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. तिथे कास्ट पार्शल होतात आणि खाजगीच्या मानाने खर्च बराच कमी येतो. फेऱ्या जास्त माराव्या लागतात. विद्यार्थी शिकत असतात, वरिष्ठ प्रत्येक टप्पा तपासतात. ज्याच्याकडे वेळ आहे त्याच्यासाठी चांगला मार्ग आहे. आणि नीट पातळ केलेली ॲक्रिलिकची प्लेट ही काही वाईट गोष्ट नाही. वाईट असतो तो 'होईल सवय' म्हणून पेशंटला परत पाठवणं.

भीमथडी
सगळं वाचलं. वडिलांना जमलं त्यात त्यांच्या डॉक्टरांचाही हात असणार, हे पटलं. तरी माझं मत आहे तिथेच आहे: आधी डॉक्टर चांगला पाहिजे, मग सराव, मटेरियल तिसरं. चांगल्या हाताची ॲक्रिलिक ही घाईत केलेल्या धातूच्या प्लेटपेक्षा कधीही बरी.

चिंचपेटी
हे मात्र पटलं. फक्त ज्याचं पोट बोलण्यावर आहे त्याने तिसऱ्यापर्यंत थांबू नये.

निळीशाई
सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद वहीत उतरवून डॉक्टरांकडे नेला. त्यांनी शांतपणे वाचला, आणि पावडरचा प्रयोग लगेच केला. प्लेटवरची मधली पन्हळ जवळजवळ सगळी पुसलेली निघाली. समोरच्या दातांमागे त्यांनी घासलं, पुन्हा पावडर, पुन्हा घासलं. पासष्ट, सहासष्ट म्हणताना माझ्या मलाच फरक जाणवला. काल वर्गात 'सांज' सांगितलं, एखाद-दुसरी वही सोडली तर सगळीकडे 'सांज'च होतं. 'शर' अजून अधूनमधून येतो.

पण एक पेच आहे. मी धातूची करायची ठरवून गेले होते. ते म्हणाले, हिरड्यांचे उपचार पूर्ण होऊ देत. शेजारचा सुळा थोडा हलतोय, तो टिकतो की नाही ते बघू. दंतकथा, हे बरोबर आहे का? की मी आग्रह धरावा?

दंतकथा
बरोबर आहे, आग्रह धरू नका. कास्ट पार्शल उरलेल्या दातांच्या आधारावर उभी असते. उद्या सुळा गेला तर ॲक्रिलिकच्या प्लेटला एक दात सहज जोडता येतो. धातूच्या सांगाड्याला जोडणं अवघड, कधी पूर्ण नवीनच करावा लागतो. हिरड्या स्थिर झाल्या, साखर आटोक्यात आली की मग धातूचं बघा.

तेव्हा डॉक्टरांशी सांगाड्याच्या आकाराबद्दल बोला. तुमचे समोरचे दात गेलेत, त्यामुळे धातू तिथपर्यंत आणावाच लागेल, सुरकुत्यांचा भाग पूर्ण मोकळा ठेवता येणार नाही. पण तो पातळ ठेवता येतो, त्यावर सुरकुत्यांचा उठाव घेता येतो आणि दातांमागचं गुलाबी ॲक्रिलिक कमीत कमी ठेवता येतं. लॅबवाल्यांनी सांगितलंय तसं चिठ्ठीवर लिहायला सांगा. तोपर्यंत प्लेट रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्यात कधीच नाही, ॲक्रिलिक वाकतं. वाकलेली प्लेट हलते, आणि हलणारी प्लेट जिभेने धरून ठेवायच्या नादात उच्चार पुन्हा बिघडतात.

लॅबवाला
चिठ्ठीवर 'शिक्षिका, स-श चा त्रास, समोर पातळ' एवढे शब्द पुरेत. आम्हाला कळतं.

वाचिका
निळीशाई, धातूची करायची वेळ येईल तेव्हा सुट्टीच्या सुरुवातीला बसवून घ्या, शाळा उघडायच्या तोंडावर नको. नवी प्लेट म्हणजे जिभेला पुन्हा नवी जागा, काही आठवडे हाताशी असलेले बरे. सध्या 'शर'साठी 'सर-शर, साल-शाल, सारा-शारा' अशा जोड्या रोज थोडा वेळ म्हणा, आधी अगदी हळू. 'स'ला ओठ किंचित फाकलेले, 'श'ला थोडे पुढे. प्लेटमुळे जिभेकडून मिळेनासा झालेला फरक ओठांकडूनही बराच भरून काढता येतो. जोड्यांचं रेकॉर्डिंग इथे टाकलंत तर ऐकून सांगते.